मायनस म्हणजे पुढे, की मागे?

चीफ ऑफिसर म्हणून ते माझं पहिलं जहाज आणि पहिलाच ड्राफ्ट सर्व्हे. थर्ड मेट, सेकंड मेट असताना मी ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बसलंय तो आकडा) वाचून दिले होते, टाक्यांत टेप सोडली होती. पण हिशेबाच्या कागदाखाली सही करायची वेळ कधी आली नव्हती. सही दुसऱ्याची असते तोवर सगळं सोपं वाटतं.

आम्ही कोळसा भरायला आलो होतो, साधारण ५२ हजार टन. एवढा माल तोलायला काटा कुठून आणणार? म्हणून जहाजालाच काटा करतात. रिकामं जहाज किती पाणी बाजूला सारतंय ते काढायचं, भरल्यावर पुन्हा काढायचं, मधल्या काळात पोटातलं बॅलास्ट (जहाज स्थिर राहावं म्हणून टाक्यांत भरलेलं पाणी), इंधन, गोडं पाणी किती बदललं ते वजा-अधिक करायचं, की उरतो तो माल. हाच ड्राफ्ट सर्व्हे. तत्त्व आर्किमिडीजचं, आणि शाळेत ते एका ओळीत संपतं. जहाजावर त्या एका ओळीचे दोन-तीन तास होतात.

सर्व्हेअर सकाळी लवकरच शिडीवर आले. साठीच्या आसपासचे, कमी बोलणारे. हातात पाण्याची घनता मोजायचा स्वतःचा हायड्रोमीटर, लाकडी पेटीत मऊ कापडात गुंडाळलेला. ‘चीफ, आधी पाण्याकडे जाऊ, कागद नंतर,’ एवढंच म्हणाले.

ड्राफ्ट सहा ठिकाणी वाचायचे: पुढे, मध्ये आणि मागे, प्रत्येक जागी पोर्टला (डावीकडे) एक आणि स्टारबोर्डला (उजवीकडे) एक. आकडे १० सेंटिमीटर उंचीचे, दोन आकड्यांमध्ये १० सेंटिमीटरची रिकामी जागा, आणि आकड्याची खालची कड हा त्याचा खरा ड्राफ्ट. पाणी ‘८’च्या बुडाला टेकलं असेल तर ८०, डोक्याला टेकलं असेल तर ९०. कागदावर हे वाचायला काही नाही. बोटीत बसून, मान वर करून, लाट त्या आकड्यावरून सारखी वर-खाली जात असताना मात्र प्रत्येकाला वेगळा आकडा दिसतो. मी एक लाट वर गेलेली पाहिली, एक खाली गेलेली पाहिली आणि मध्य काढून मोकळा झालो. सर्व्हेअर तसेच बसून राहिले. चांगल्या दहा-बारा लाटा गेल्यावर म्हणाले, ‘मोठ्या लाटा सोडून द्या. मध्येच पाणी क्षणभर शांत होतं ना, तिथला आकडा धरा.’ मग त्यांनी पारदर्शक नळी काढली. खालून अगदी बारीक भोक, वरून उघडी. ती पाण्यात धरली की आत लाटेचा धिंगाणा पोहोचत नाही, पाणी नळीत जवळजवळ स्थिर राहतं. मागच्या बाजूला, रडरजवळ, रंग उडाला होता आणि आकडा फक्त वेल्डिंगच्या उंचवट्यावरून ओळखावा लागत होता. तिथे ती नळी नसती तर मी सरळ पाच सेंटिमीटर चुकलो असतो. त्या जहाजाला त्या ड्राफ्टवर एक सेंटिमीटर म्हणजे ५२ टन.

वाचन असं आलं. पुढे ४.४६ आणि ४.४८, सरासरी ४.४७. मध्ये पोर्टला ५.६२, स्टारबोर्डला ५.७४, सरासरी ५.६८. मागे सरासरी ६.८७. मधल्या दोन आकड्यांत १२ सेंटिमीटरचा फरक, म्हणजे जहाज स्टारबोर्डला किंचित कललेलं. कारण मला माहीत होतं: पहाटे घाईने मी पाच नंबरची पोर्टची डबल बॉटम (तळातली) टाकी उपसायला घेतली होती आणि सर्व्हेअर येणार म्हटल्यावर अर्ध्यात थांबवली होती. ही घाई पुढे मला महागात पडणार होती, पण वेगळ्याच वाटेने.

पाण्याची घनता मध्यावर घेतली, समुद्राच्या बाजूने, ड्राफ्टच्या निम्म्या खोलीवरून. नदीचं पाणी मिसळत होतं, त्यामुळे १.०१८ आली. मी सवयीने तापमान लिहून त्याची दुरुस्ती करायला निघालो, तेव्हा सर्व्हेअरांनी हात आडवा केला. जहाज आत्ता ज्या पाण्यात, ज्या तापमानाला तरंगतंय, त्याचीच घनता हवी. तिला प्रमाण तापमानावर नेऊन ठेवलं तर ते पाणी दुसरंच होतं. तिसऱ्या दशांशातला एक आकडा चुकला तर रिकाम्या जहाजात २७ टनांचा फरक पडतो, भरलेल्यात ६४ टनांचा. ती लाकडी पेटी ते एवढी का जपत होते, ते तेव्हा कळलं.

मग टाक्या. बॅलास्टच्या सगळ्या टाक्यांत टेप सोडून सौंडिंग, म्हणजे पाण्याची खोली, घेतली. पाच नंबर पोर्ट सोडली तर बाकीच्या भरलेल्या होत्या. कॅडेट आकडे ओरडत होता, मी लिहीत होतो. हा भाग कंटाळवाणा असतो आणि म्हणूनच चुका इथे होतात.

शिप्स ऑफिसात बसल्यावर खरा खेळ सुरू झाला. दोघांनी वेगवेगळा हिशेब करायचा आणि शेवटी ताडून पाहायचा, असं ठरलं.

जहाजावर रंगवलेले आकडे असतात तिथे जहाजाची मोजमापाची टोकं, म्हणजे पर्पेंडिक्युलर, नसतात. पुढचे आकडे फॉरवर्ड पर्पेंडिक्युलरच्या १.५० मीटर मागे, मागचे आफ्ट पर्पेंडिक्युलरच्या ७.५० मीटर पुढे. मधले बरोबर मध्यावर, तिथे कटकट नाही. दोन्ही पर्पेंडिक्युलरमधलं अंतर १८५ मीटर, म्हणजे आकड्यांमधलं १७६. दिसणारा ट्रिम (मागच्या-पुढच्या ड्राफ्टमधला फरक) ६.८७ वजा ४.४७, म्हणजे मागच्या बाजूला २.४० मीटर. १७६ मीटरमध्ये २.४० चा उतार, तर दीड मीटरमध्ये किती? दोन सेंटिमीटर. साडेसात मीटरमध्ये? १० सेंटिमीटर आणि वर थोडं. जहाज मागे झुकलेलं, म्हणून पुढच्या टोकाला ड्राफ्ट कमी होणार, मागच्या टोकाला वाढणार. पुढचा ४.४५० झाला, मागचा ६.९७२, आणि खरा ट्रिम २.५२२ मीटर. ही दुरुस्ती मी चित्र काढून करतो. सूत्र पाठ असतं, पण अधिक की वजा हे चित्रच सांगतं. हीच सवय पुढच्या पायरीवर ठेवली असती तर हे लिहायला काही कारणच उरलं नसतं.

आता सरासरी. पुढचा आणि मागचा मिळून मध्य येतो ५.७११, पण मध्यावर प्रत्यक्ष वाचलंय ५.६८. जहाज सरळ पट्टीसारखं नसतं. पुढच्या-मागच्या टाक्यांच्या वजनाने दोन्ही टोकं खाली वाकली होती आणि मधला भाग तीन सेंटिमीटर वर उचलला गेला होता, ज्याला हॉगिंग म्हणतात. म्हणून पुढचा एकदा, मागचा एकदा, मधला सहा वेळा घ्यायचा आणि आठाने भागायचं. मध्याला एवढा मान का? जहाजाचं पोट तिथे भरगच्च असतं, टोकं निमुळती. मधल्या भागाला पाऊण वजन दिलं की वाकलेल्या जहाजाचा हिशेब जवळपास जुळतो. आला ५.६८८ मीटर. नुसती टोकांची सरासरी धरली असती तर १२० टन फुकटचे वाढले असते.

हायड्रोस्टॅटिक टेबलमध्ये, म्हणजे जहाजाच्या ड्राफ्टनिहाय तक्त्यात, ५.६८८ ला डिस्प्लेसमेंट (बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन) २७,८३२ टन. पण हा तक्ता जहाज सपाट तरंगतंय असं धरून बनवलेला, आणि आमचं अडीच मीटर मागे झुकलेलं. झुकताना जहाज आपल्या मध्याभोवती फिरत नाही. पाण्याच्या पातळीवर जहाजाचा जो आडवा काप पडतो त्याच्या केंद्राभोवती फिरतं. त्या बिंदूला एलसीएफ म्हणतात. सी-सॉची खुंटी फळीच्या बरोबर मध्ये नसेल तर मध्यावरची उंची मोजून उपयोग नाही, खुंटीवरची मोजायला हवी. त्यासाठी ट्रिम सेंटिमीटरमध्ये, गुणिले एका सेंटिमीटरचे टन, गुणिले मध्यापासून एलसीएफचं अंतर, भागिले लांबी. २५२.२ गुणिले ५२.४ गुणिले ३.८०, भागिले १८५. उत्तर २७१ टन.

अधिक की वजा?

टेबलमध्ये एलसीएफ छापलं होतं −३.८०. माझ्या आधीच्या जहाजावर वजाचा अर्थ मध्याच्या मागे असा होता, दोन वर्षं तेच पाहिलेलं. ट्रिम मागे, एलसीएफ मागे, म्हणजे खुंटीपाशी ड्राफ्ट मध्यापेक्षा जास्त, म्हणजे अधिक. मी २७१ मिळवले. हात जरासुद्धा अडखळला नाही.

दुसरी दुरुस्ती नेमोटोची. ट्रिम बदलताना एलसीएफ स्वतःही सरकतं, त्याची ती भरपाई. ट्रिमचा वर्ग, गुणिले ५०, गुणिले अर्धा मीटर वरच्या आणि अर्धा मीटर खालच्या ड्राफ्टवरच्या एमटीसीमधला (ट्रिम एक सेंटिमीटरने बदलायला लागणारा मोमेंट) फरक, भागिले लांबी. आमच्याकडे तो फरक १४, उत्तर २४ टन. ही दुरुस्ती कायम अधिकच असते, त्यामुळे इथे चुकायला वाव नाही. कलण्याची दुरुस्ती पण मी इमानाने केली: १२ सेंटिमीटरच्या लिस्टला ५८ किलो. त्या क्षणी गँगवेवर उभ्या असलेल्या सुकाणीचं वजन याहून नक्की जास्त होतं. तरीही कागदावर रकाना आहे म्हणून भरायचा.

तक्ता १.०२५ घनतेच्या समुद्राच्या पाण्यासाठी असतो, म्हणून घनतेची दुरुस्ती करून माझं डिस्प्लेसमेंट आलं २७,९३५. त्यातून लाइटशिप, म्हणजे रिकाम्या जहाजाचं स्वतःचं वजन, १०,८६० वजा. मग बॅलास्ट १४,८६४, गोडं पाणी २१२, फ्युएल १,०८५, डिझेल ११८, ल्युब ३४. उरले ७६२ टन.

या उरलेल्याला कॉन्स्टंट म्हणतात. जहाज बांधल्यापासून साठत गेलेला रंग, टाक्यांच्या तळचा गाळ, दोरखंड, सुटे भाग, माणसं, त्यांच्या पेट्या. आधीच्या फेऱ्यांच्या नोंदीत तो २९० ते ३१० च्या मध्ये होता. आणि माझा ७६२.

सर्व्हेअरांनी आपला आकडा सांगितला नाही. माझ्या कागदाकडे पाहिलंही नाही. थोडा वेळ स्वतःच्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘चीफ, बॅलास्ट एकदा पुन्हा बघू या.’ मला हायसं वाटलं. बॅलास्टमध्ये साडेचारशे टन कुठेतरी सापडतीलच, अशी माझी खात्री झाली. कॅडेटला घेऊन मी पुन्हा डेकवर गेलो, सगळ्या टाक्या पुन्हा मोजल्या. तासभर गेला. आकडे तेच.

परत येऊन सौंडिंग टेबल चाळताना चूक दिसली. पाच नंबर पोर्टचं सौंडिंग पाइप टाकीच्या मागच्या टोकाला. जहाज मागे झुकलं की अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी त्याच टोकाला जमतं आणि टेप जास्त दाखवते. त्यासाठी टेबलमध्ये ट्रिमचे वेगळे रकाने असतात. बाकी टाक्या भरलेल्या, तिथे रकान्याचा प्रश्न आला नव्हता, आणि त्याच ओघात मी या टाकीलाही शून्य ट्रिमचा रकाना लावला होता. पाणी सुमारे २० सेंटिमीटर जास्त धरलं गेलं होतं. दुरुस्त केल्यावर ७४ टन कमी झाले, बॅलास्ट १४,७९०.

बॅलास्ट कमी झालं, म्हणजे कॉन्स्टंट वाढला. ७६२ चा ८३६.

चूक सापडली होती, दुरुस्ती योग्य होती, आणि उत्तर आधीपेक्षा बिघडलं होतं. लपवत नाही: एक मिनिट मनात आलं की ती टाकी आहे तशीच राहू द्यावी. तेवढ्यात सर्व्हेअरांनी आपल्या कागदावर ७४ चा फेरफार केला, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, ‘माझं जुळलं. तुमचं?’

नंतर कळलं की त्यांचा कॉन्स्टंट आधी २२४ आला होता. म्हणजे कमी. म्हणूनच त्यांनी बॅलास्ट तपासायला लावलं. त्यांना ७४ टन जास्तीचं पाणी शोधायचं होतं आणि मी समजत होतो, ते माझे साडेचारशे टन शोधायला निघालेत. एकाच टाकीभोवती आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टी हुडकत फिरलो होतो.

माझा आकडा ऐकल्यावर त्यांनी भुवई उचलली, पण बोट कुठेच ठेवलं नाही. ‘घ्या वेळ’ म्हणाले आणि ब्रिजच्या विंगवर जाऊन उभे राहिले. राग आला होता. आता वाटतं, त्यांनी बोट ठेवलं असतं तर मी ती ओळ दुरुस्त केली असती आणि का ते विसरूनही गेलो असतो.

मी एकेक ओळ उलट वाचत गेलो. घनता ठीक. लाइटशिप ठीक. दुसरी दुरुस्ती ठीक. पहिलीपाशी आलो तेव्हा सहज मनात आलं की भरलेल्या जहाजाला हे एलसीएफ किती असेल. टेबलची पानं उलटत १२.५० वर गेलो. तिथे छापलं होतं +३.१०.

वजा मागे असेल तर हे अधिक म्हणजे पुढे. म्हणजे जहाज जसजसं खोल बसतं तसतसं हे केंद्र मागून पुढे सरकतं? बल्क कॅरियरची मागची बाजू डोळ्यांसमोर आणली. खाली निमुळती, प्रोपेलरकडे पाणी जावं म्हणून कापलेली. वर जाल तशी रुंद होत जाणारी. पुढची बाजू मात्र खालपासूनच भरलेली. हलकं जहाज तरंगतं तेव्हा पाण्याच्या पातळीवर मागचा भाग अरुंद असतो, म्हणून केंद्र मध्याच्या पुढे. भरत जाईल तसा मागचा रुंद भाग पाण्याला लागतो आणि केंद्र मागे सरकतं. म्हणजे या पुस्तकात वजा म्हणजे पुढे. पहिल्याच पानावर तसं लिहिलंही होतं, बारीक अक्षरात, आकृतीखाली. ते पान मी या जहाजावर आल्यापासून उघडलं नव्हतं.

ट्रिम मागे, केंद्र पुढे. खुंटी मध्याच्या पुढे असेल तर तिथला ड्राफ्ट मध्यापेक्षा कमी. २७१ वजा. २७,८३२ वजा २७१ अधिक २४, म्हणजे २७,५८५. घनता लावून २७,३९७. मधला फरक ५३८ टनांचा. लाइटशिप आणि बाकी सगळं काढून कॉन्स्टंट उरला २९८.

सर्व्हेअर आत आले, कागद पाहिला, सही केली. ‘नवं जहाज की आधी पहिलं पान,’ एवढंच म्हणाले. त्या पानावर मी पेन्सिलीने एक लहान जहाज काढलं, पुढचं टोक उजवीकडे, आणि वजाच्या खाली उजवीकडे जाणारा बाण.

भरणं झाल्यावर दुसरा सर्व्हे रात्री झाला. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. आता वजनाने मधला भाग खाली बसला होता आणि ट्रिम जेमतेम २० सेंटिमीटर. मध्यावर बोट नेता येत नव्हती, म्हणून पाण्याने भरलेली लांब नळी डेकवर आडवी टाकून दोन्ही टोकांच्या पातळीतला फरक मोजला, धक्क्याच्या बाजूचा ड्राफ्ट वाचला आणि दुसऱ्या बाजूचा त्यावरून काढला. सरासरी ड्राफ्ट १२.४८६, टेबलमध्ये ६५,३१८ टन. एलसीएफ आता मागे, ट्रिमही मागे, दुरुस्ती १९ टन, आणि ती खरोखर अधिक. नेमोटोला एवढ्याशा ट्रिममध्ये शून्याच्या पुढे काही मिळालं नाही. ओहोटीमुळे घनता उतरून १.०१६ झाली होती. डिस्प्लेसमेंट ६४,७६३. टाक्यांत उरलेलं ६८ टन बॅलास्ट धरून टाक्यांतलं वजा करायचं सगळं १,४८५, शिवाय लाइटशिप आणि सकाळचे २९८.

माल ५२,१२० टन. किनाऱ्यावरच्या कन्व्हेयरच्या काट्याने दाखवले होते ५२,०६३. ५७ टनांचा फरक, म्हणजे हजारात एक. ड्राफ्ट सर्व्हेकडून अर्ध्या टक्क्याची अचूकता मिळाली तरी लोक खूश असतात. सकाळचा पहिला आकडा, ७६२, तसाच पुढे गेला असता तर माल भरला असता ५१,६५६, आणि मी कन्व्हेयरच्या काट्यावर शंका घेत भांडत बसलो असतो.

पुढच्या फेरीत कॉन्स्टंट ३११ आला. वाढलेले १३ टन कुठले, ते शोधायला मी गेलो नाही. फोरकॅसलच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) स्टोअरमध्ये बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, लागतील म्हणून साठवलेले जुने दोर, पुल्या आणि रंगाचे अर्धे डबे मी पाहिले होते.